न आलेलं चलन

बसा हो, घटकाभर. चहा येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. दोन पाववाल्या ड्रायव्हरांची आहे. ऐकताना मधे मधे हसू येईल तुम्हाला. हसून घ्या, पुढं फार जागा नाही हसायला.

तर एक पावाचा कारखाना होता. पहाटे भट्टीतून पाव निघायचा, क्रेटमध्ये भरायचा आणि नऊ पांढऱ्या गाड्या तो दुकानादुकानांत टाकायला सुटायच्या. त्या नऊ ड्रायव्हरांतला एक भोंग्या. खरं नाव आईला ठाऊक असेल, आम्हाला भोंग्याच. आवाज असा, की गेटबाहेर शिंकला तर आत भट्टीवाला दचकायचा. आणि पोटात काही राहायचं नाही त्याच्या. कुणाची पगारवाढ झाली, कुणाच्या सासूनं घर सोडलं, सगळं भोंग्याच्या तोंडून यार्डभर व्हायचं.

त्याचा जिगरी दोस्त गोगल्या, म्हणजे गोगलगाय. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली, पण पन्नासच्या वर काटा म्हणून गेला नाही. सायकलवाले त्याला ओलांडून जायचे, जाताना वर मान करून बघायचे. सगळ्यांची फेरी दीडला संपायची, ह्याची अडीचला. पण एक सांगतो, अठ्ठावीस वर्षांत त्याच्या गाडीतला एक पाव चेपला नाही. दुकानदार त्याच्याच गाडीचा माल मागायचे.

आता मुद्द्याचं. कारखान्यापासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत नवा रस्ता झाला. अकरा किलोमीटर, सरळसोट, विमान उतरवावं असा रुंद. आणि त्यावर पाटी काय, तर पन्नास. वर खांबावर तीन पिवळे कॅमेरे. ड्रायव्हर त्यांना डबे म्हणायचे. पहिला डबा, दुसरा डबा, तिसरा डबा. पन्नासच्या वर दोन झाले की डबा चमकला, आठ दिवसांनी चलन कारखान्याच्या पत्त्यावर. पोलीस असला तर हातापाया पडता येतं, रडता येतं, बायको आजारी आहे म्हणता येतं. डब्यापुढं काय रडणार?

चलनाचे पैसे एकवेळ चालतील, पण प्रत्येक चलनामागं लायसनवर तीन पॉइंट. बारा झाले की लायसन गेलं, एक वर्षभर. ड्रायव्हरचं लायसन गेलं म्हणजे मग राहिलं काय?

पण डब्याची एक खोड होती. तो फोटो मागून काढायचा. फोटोत गाडीचं ढुंगण दिसायचं, ड्रायव्हरचं तोंड नाही. म्हणून चलनाबरोबर एक फॉर्म यायचा, ‘त्या वेळी गाडी कोण चालवत होते?’ ऑफिसातल्या ताई तो फॉर्म घेऊन यार्डात यायच्या आणि मग आमच्याकडं रीत पडली होती, ज्याच्या लायसनवर जागा असेल त्याचं नाव लिहायचं. पैसे ज्याचे त्यानं भरायचे, पॉइंट जागा असेल तिथं. जसं एखाद्याच्या घरात पाहुणे जास्त झाले की शेजारी झोपायला पाठवतात, तसं.

आणि सगळ्यात मोठं रिकामं घर कुणाचं? गोगल्याचं.

पहिले तीन पॉइंट त्यानं एका नव्या ड्रायव्हरचे घेतले. दुसरे तीन घेतले, तेव्हा ज्याचे घेतले त्याच्या घरी तान्हं मूल होतं. मग एक दिवस ताई भोंग्याचं चलन घेऊन आल्या. चौसष्ट. दुसरा डबा.

“भोंग्या, तुझे नऊ झालेत आधीच,” ताई म्हणाल्या. “हे लागले की बारा. बस घरी.”

भोंग्यानं डब्याच्या खानदानाचा उद्धार केला. “च्यायला, चौसष्ट म्हणजे काय वेग आहे? चौसष्टला माझी आजी चालते!”

गोगल्या क्रेट लावत होता. हात पुसत आला. “आण इकडं तो फॉर्म.”

“अरे नको, तुझे सहा झालेत.”

“मग मला काय करायचीय ती जागा? वर ठेवून लोणचं घालू? मी कधी पन्नासच्या वर गेलोय?”

“वहिनींना कळलं तर?”

“तिला कशाला कळतंय? तू नाही बोललास तर कुणालाच कळत नाही.” आणि सही ठोकली.

भोंग्यानं तेवढी एक गोष्ट मात्र पोटात ठेवली बरं का. वहिनींना सांगितलं नाही.

वहिनी म्हणजे गोगल्याची बायको. घरी शिवणकाम करायच्या. पडदे, शाळेचे गणवेश, कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाला अस्तर लाव. तोंडाच्या तिखट पण माणूस झकास. भोंग्या दारात आला की आतूनच ओरडायच्या, “भावजी आले वाटतं! कान झाकून घ्या सगळ्यांनी!” मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना. गोगल्याच्या फेरीच्या वाटेवरच घर, म्हणून तो रोज अकराला दहा मिनिटं थांबायचा, तिच्या हातचा चहा प्यायचा आणि पुढं जायचा.

असाच एका मंगळवारी अकराला गेला, तर वहिनी शिलाई मशिनच्या शेजारी जमिनीवर बसलेल्या. पडलेल्या नाही, बसलेल्या. एक हात मांडीवर, दुसरा लोंबता. बोलत होत्या पण शब्द ओठाच्या एका कडेनं सांडत होते. गोगल्यानं फोन केला. ॲम्ब्युलन्स चाळीस मिनिटांनी येईल, म्हणाले. तो थांबला नाही. उचललं, गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि निघाला.

हॉस्पिटलात पोहोचल्यावर दोन तासांनी वहिनी गेल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात. पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच म्हणाले.

संध्याकाळी भोंग्या हॉस्पिटलातून गोगल्याची गाडी कारखान्यात घेऊन आला. मागचं दार उघडलं आणि बघतच राहिला. सगळे क्रेट पुढं सरकून ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर आदळलेले. पाव चेपून चपट झालेले, काही खाली विखुरलेले. क्रेट कधी पुढं सरकतात? करकचून ब्रेक मारला की. आणि एकदा मारून एवढे नाही सरकत. गोगल्याच्या गाडीत! भोंग्याला काही उमजेना. गोगल्या कशाला ब्रेक मारेल? ब्रेक मारायला आधी वेग पाहिजे.

त्यानं गुपचूप पाव गोळा केले, फेकले, क्रेट धुतले. कुणाला बोलला नाही.

दहा-बारा दिवस गेले. ताईंनी भोंग्याला ऑफिसात बोलावलं, दार लावलं. मालकानं प्रत्येक गाडीत एक काळी डबी बसवली होती. गाडी कुठं होती, किती वेगात होती, सगळं ती टिपून ठेवायची. महिन्याच्या शेवटी त्याचा कागद निघायचा.

“मालक विचारतायत, त्या मंगळवारी गाडी फेरी सोडून कुठं गेली होती,” ताई म्हणाल्या. “कारण लिहून द्यायचंय. त्याला कुठं विचारू मी आत्ता? तू त्याचा दोस्त, तू लिही दोन ओळी. आणि हे बघ.”

कागदावर एक रेघ होती. घरापासून नव्या रस्त्यापर्यंत साधी. नव्या रस्त्यावर आली आणि सरळ वर गेली. ब्याण्णव. भोंग्यानं दोनदा बघितलं. गोगल्या, ब्याण्णव! अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मग रेघ एकदम खाली कोसळली होती, अठ्ठेचाळीसवर. थोडी तिथं सरपटली, पुन्हा वर, नव्वद. पुन्हा खाली, अठ्ठेचाळीस. पुन्हा वर. पुन्हा खाली. तीन ठिकाणी कुणी कात्री लावावी तशी.

“हे तीन काय आहेत रे?” ताईंनी विचारलं. “ट्रॅफिक होतं का?”

भोंग्यानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. तो रस्ता त्याला पाठ होता. पहिला डबा, दुसरा डबा, तिसरा डबा.

“ट्रॅफिक होतं,” तो म्हणाला. ताई त्याच्याकडं बघत राहिल्या, कारण भोंग्या इतक्या हळू आवाजात बोलू शकतो हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. जेवायला बसला की ती रेघ ताटात. नऊ पॉइंट घेऊन गोगल्या गाडी चालवत होता, शेजारी बायको हातातून चाललेली आणि तो डब्याला भिऊन ब्रेक मारत होता. जो कधी जोरात गेला नाही तो! आणि त्या नऊतले तीन भोंग्याचे. शेवटचे तीन. हेच एक त्याला खात होतं. माझ्या फॉर्मनं वहिनींना मारलं का? दुसरं काही सुचेना. भोंग्याची बायको म्हणाली, “अहो, बोला काहीतरी, घरात कुणी मेल्यासारखं वाटतंय.” तर हा उठून बाहेर गेला.

एक गोष्ट मात्र त्याला कळून घ्यायची होती. चलन आलंच असतं, तर त्या लोकांनी माफ केलं असतं का? बायको मरतेय म्हटल्यावर? म्हणून त्यानं चलनाच्या ऑफिसला फोन लावला. तिकडं मशीन. चलन भरण्यासाठी एक दाबा. पूर्ण रक्कम भरण्यासाठी दोन दाबा. दुसऱ्याचं चलन भरण्यासाठी तीन दाबा. सगळे रस्ते भरायलाच जात होते. चार दाबलं तर पुन्हा पहिल्यापासून. भोंग्या मशीनवर ओरडला. मशीन म्हणालं, आपला आवाज स्पष्ट ऐकू आला नाही. अहो, भोंग्याचा आवाज! आयुष्यात हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

तीन दिवस लावला फोन. गाडी बाजूला घेऊन, जेवणाच्या सुट्टीत, पाव उतरवताना खांद्याला कान लावून. चौथ्या दिवशी एक खरी मुलगी बोलली.

“चलन नंबर सांगा, काका.”

“नंबर नाही.”

“गाडी नंबर?”

“त्या गाडीचं चलन नाही आलं, बाळ.”

“मग तक्रार काय आहे?”

“चलन नाही आलं, हीच तक्रार आहे,” भोंग्या म्हणाला.

मुलगी चांगली होती, फोन ठेवला नाही तिनं. थांबली. मग भोंग्यानं विचारलं, समजा पेशंट असेल गाडीत, अगदी मरायला टेकलेला आणि तीन कॅमेरे ओलांडले नव्वदनं, तर?

“मग काही नाही, काका. अर्ज करायचा, हॉस्पिटलचा कागद जोडायचा. चलन रद्द होतं. पॉइंट पण लागत नाहीत.”

“तिन्ही?”

“तिन्ही. मागच्याच आठवड्यात मी एकाची केली.”

“हे कुठं लिहिलंय का? पाटी-बिटी?”

“वेबसाइटवर आहे ना, काका. सगळ्यात खाली.”

भोंग्यानं फोन ठेवला आणि गाडी सुरू केली. कुठं जायचं काही ठरवलं नव्हतं. नव्या रस्त्याला लागला आणि पाय खाली गेला तो गेलाच. सत्तर, ऐंशी, पंचाण्णव. मागं क्रेट नाचतायत. पहिला डबा चमकला. भोंग्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि काय केलं ते मी सांगत नाही, चहावाला पोरगा ऐकतोय. दुसरा डबा चमकला. तिसऱ्यापर्यंत त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते. घड्याळात बघितलं त्यानं, गोगल्याच्या कागदावरची वेळ डोक्यात होतीच. ब्रेक मारत गेलं तर आणि न मारता गेलं तर फरक किती? दीड मिनिट. फार तर पावणेदोन.

दीड मिनिटात बाई वाचते का? कुणाला विचारणार? डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नाही.

आठ दिवसांनी तीन चलनं एकदम आली. ताई फॉर्म घेऊन यार्डात आल्या, चेहरा पडलेला. पोरं गोळा झाली. “एक माझ्यावर घाला,” कुणी म्हणालं. “माझे सहाच आहेत, दुसरं मी घेतो.” भोंग्यानं ताईंच्या हातातलं पेन घेतलं, तीनही फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत निघाला. चालत! गोगल्याचं घर चार किलोमीटर होतं.

गोगल्या घरातच होता, अजून कामावर येत नव्हता. खोलीभर कपडे पसरलेले. वहिनींकडं लोकांनी टाकलेले. अर्धे शिवलेले, अर्धे नुसते कापलेले. बायका येऊन मागत होत्या आणि गोगल्याला कुठला कुणाचा काही माहीत नव्हतं. तो एकेका कपड्याला चिठ्ठी टाचत होता. ‘निळा कोट, एक बाही.’ ‘पडदे, चार, खालची शिवण बाकी.’

“बरा आलास. हे धर जरा,” त्यानं भोंग्याच्या हातात एक लांबलचक पडदा दिला.

भोंग्यानं पडदा धरला आणि सगळं बोलून टाकलं. काळी डबी, रेघ, तीन डबे, क्रेट. “माझा फॉर्म घेतला नसतास तर तू ब्रेक मारला नसतास. माझ्यामुळं झालं, गोगल्या. शिव्या घाल, मार, पण काहीतरी बोल.”

गोगल्या टाचणी तोंडात धरून उभा होता. टाचणी काढली, पडद्याला लावली.

“फॉर्म मी मागून घेतला होता,” तो म्हणाला. “तू दिला नव्हतास.”

“पण मी घेऊ दिला ना!”

“घेऊ दिलास, हो.” तो खाली बसला. “कोरं असतं लायसन तर तिन्ही डबे पचले असते. तुझे तीन नसते आणि त्या दोघांचे असते, तरी नसते पचले. मीही मांडलाय हिशोब. रोज मांडतो.”

“मग लायसनची फिकीर कशाला केलीस रे? गेलं असतं खड्ड्यात!”

गोगल्यानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं लहान पोराला काहीतरी समजावून सांगायचं असावं.

“मला वाटलं ती जगणार आहे,” तो म्हणाला. “हात लुळा पडलाय, तोंड वाकडं झालंय, म्हणजे सहा महिने तरी हॉस्पिटलात न्यायला-आणायला लागणार. मालीश, व्यायाम, काय काय असतं. लायसन गेलं तर तिला रोज कोण नेणार? बसमध्ये चढता आलं नसतं तिला. मी तेवढाच विचार केला. मरेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

भोंग्याच्या हातात पडदा तसाच.

“पहिल्या डब्याला ब्रेक मारला, तर ती पुढं गेली, पट्ट्यात अडकली,” गोगल्या म्हणाला. “मला म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, कॅमेरा. तर हसली ती. अर्ध्याच तोंडानं हसली. ‘तुम्हाला कसला कॅमेरा?’ म्हणाली. तिला कुठं माहीत होतं ते नऊ पॉइंट? मी म्हटलं, नंतर सांगतो. मग ती काही बोलली नाही. त्यानंतर बोललीच नाही.”

बाहेर दाराची बेल वाजली. गोगल्या उठला, एका बाईला तिचा गणवेश दिला, बटणं लावायची राहिलीत म्हणून माफी मागितली, परत आला.

भोंग्याच्या जिभेवर ती फोनवाली मुलगी येऊन बसली होती. तिन्ही रद्द होतात, काका. पॉइंट पण लागत नाहीत. एकही ब्रेक मारायची गरज नव्हती. आयुष्यभर ह्या माणसाला तोंड मिटता आलं नव्हतं. पण त्यानं ओठ घट्ट दाबले, पडद्याची घडी घातली, ती नीट बसली नाही, पुन्हा घातली आणि बाजूला ठेवली.

“अजून काही सांगायचंय तुला?” गोगल्यानं विचारलं. अठ्ठावीस वर्षांची ओळख, चेहरा वाचत होता.

“नाही.”

“मग एक ऐक. तू काही दिवस येऊ नकोस इकडं. राग नाही. म्हणजे असेलही, मला कळत नाही. पण तुझा आवाज आला ना दारात, की मला वाटतं ती आतून ओरडेल आता. भावजी आले म्हणून. आणि मग ओरडत नाही ती.”

भोंग्या मान हलवून निघाला. चार किलोमीटर पुन्हा चालत.

ह्याला आता वर्ष होऊन गेलं. भोंग्याचं लायसन परत मिळालं, पण गाडी मागितली नाही त्यानं. भट्टीच्या बाजूला क्रेट भरतो. गोगल्या कामावर परत आला. रोज पहाटे गाडी लावतो, भोंग्या क्रेट चढवतो. दोघं एकमेकांना ‘झालं का’ आणि ‘झालं’ एवढंच म्हणतात. गोगल्याच्या गाडीचे क्रेट मात्र भोंग्या दुसऱ्या कुणाला चढवू देत नाही. ‘काही दिवस येऊ नकोस’ म्हणाला होता गोगल्या. किती दिवस, ते कुणी विचारलं नाही.

फोनवरचं बोलणं भोंग्यानं एकदाच बोलून दाखवलं, मला. माझ्या पोटात राहिलं नाही म्हणून आज तुमच्यापुढं ओतलं. पण तुमचं येणं-जाणं असतं त्या रस्त्यानं. दुकानापुढं पाव उतरवताना गोगल्या भेटेल तुम्हाला. गप्पिष्ट नाही, पण विचारलं तर बोलतो. कॅमेऱ्याचा विषय निघालाच, तर शिव्या घाला डब्यांना, मनसोक्त घाला, तोही घालेल. फक्त पेशंट असला तर चलन माफ होतं, एवढं त्याला सांगू नका. हात जोडतो तुम्हाला.